हौदाकाठचं कवच

दिवेलागणीला काम सुटल्याचा भोंगा झाला, की बांधकामावरची माणसं पूर्वी हातपाय धुवायला हौदाकडे जायची. हल्ली जागा धरायला जायची.

हौद म्हणजे काँक्रीटवर मारायच्या पाण्याची उघडी टाकी, पुरुषभर खोल, पाणी नितळ. त्याच्या रुंद कठड्यावर एक स्टूल. स्टुलावर आठ-नऊ वर्षांची एक मुलगी, बिनबाह्यांचा झगा घातलेली, दोन्ही हात मांड्यांवर उताणे टाकून बसलेली. तिच्या पायाशी पुढच्या रांगेत लहान पोरं, त्यांच्या मागे आया, आणि अगदी मागे विटांच्या थप्प्यांवर चढून बसलेले बाप. मुलीच्या अंगावर बॅटरीचा झोत धरून उभे असायचे कवचमहाराज.

"या, बसा, लाजू नका, तुमचंच घर आहे," महाराज डासांना म्हणायचे. लोक हसायचे. आणि मग खरोखरच डास यायचे. एक मनगटावर, दोन कोपरापाशी, एक गळ्यावर, बूड वर करून. मुलगी हलायची नाही. ती समोर पाहत राहायची, बसची वाट बघत बसल्यासारखी.

"आता बघा मंडळी. हाच डास तुमच्या पोराला चावला तर? हुडहुडी. ताप. तीन पांघरुणं घातली तरी दातावर दात. आणि हिला काय? मी आल्यापासून रोज बघताय. शिंकली तरी का कधी? विचारा, मोकळेपणाने विचारा."

कोणी विचारायचं नाही. सगळ्यांनी पाहिलेलंच होतं.

"कारण आत कवच आहे. डासाची सोंड कवचावर आपटते, मोडते, आणि बिचारा उपाशीपोटी घरी जातो."

"उपाशी कसला? पोट लाल होऊन टरारलंय त्याचं," पाळणाघरवाली मागून म्हणाली. फार मोठ्याने नाही, पण ऐकू जाईल एवढ्याने. दोन-चार बायका फिसकन हसल्या. एकीने तिला कोपर मारलं, "गप गं बाई, माझ्या पोराचा नंबर जाईल."

पाळणाघरवाली या बांधकामावरच्या सळईवाल्याची बायको. आईबाप वर मजल्यांवर असताना खाली पत्र्याच्या शेडमध्ये पोरं सांभाळायची, हे तिचं काम. तान्ही झोळ्यांत, रांगती सतरंजीवर, आणि पळायला लागलेली तिच्या नजरेच्या दोरीला बांधलेली. तिचा स्वतःचा बारक्याही त्यातच. कुणाचं पोर कधी किरकिरं झालं, कुणी दूध टाकलं, हे तिला आयांच्या आधी कळायचं.

म्हणून तिला एक गोष्ट पक्की आठवत होती. महाराज आले तेव्हा इथे ताप नव्हता. शेडमध्ये दुपारी नुसता कल्ला असायचा. पहिल्याच संध्याकाळी महाराज कठड्यावर चढून म्हणाले होते, "या जागेवर ताप येणार. लांब नाही, महिन्या-सव्वा महिन्यात येणार. आज हसताय, मग धावत याल." लोक खरंच हसले. आणि ताप आला. आधी गवंड्याचा मुलगा, मग रंगाऱ्याच्या जुळ्या मुली, मग एकामागून एक. भाकीत खरं ठरलं म्हटल्यावर माणसाची मान आपोआप वाकते, मग ती वळवायची कुठे हे ज्याचं भाकीत तोच ठरवतो.

महाराज कवच घालायचे म्हणजे पोराच्या पाठीवर बोटाने वर्तुळ काढून फुंकर मारायचे. फुंकरीला काय लागतं? वारा फुकटचा. अटी मात्र कडक. कवच घ्यायच्या आधी पोराला रोज पुढच्या रांगेत, मुलीजवळ बसवायचं, म्हणजे तिच्या कवचाची ऊब लागते. घरातली मच्छरदाणी महाराजांकडे जमा करायची, कारण जाळीखाली कवच गुदमरतं. आणि दवाखान्याची कडू गोळी अजिबात द्यायची नाही, तिने कवच गंजतं. एवढं करूनही पोर तापलं, तर आईने चोरून गोळी दिली असणार, नाहीतर बापाच्या मनात शंका आली असणार. महाराजांच्या कवचाला डास झेपायचे, ताप झेपायचा, एक शंका तेवढी झेपायची नाही.

पाळणाघरवाली त्यांना मनातल्या मनात चिलखत्या म्हणायची.

त्या दिवशी ती खोलीवर आली तर बारक्याच्या बिछान्यावरची जाळी गायब.

"आई, जाळी कुठाय?"

"घडी करून ठेवलीय," सासूबाई म्हणाल्या. "परवा महाराजांना द्यायची. आपल्या बारक्याचा नंबर लागलाय. उद्यापासून पुढे बसवायचं त्याला."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो बादलीपाशी हाताचा गंज घासत होता, आणि आज जरा जास्तच घासत होता.

"अहो, मला विचारलंत?"

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"मग."

"मग काय मग? पोर काय तुमची सळई आहे, हवी तशी वाकवायला?"

"आख्खी साइट वेडी आणि तू एकटी शहाणी," तो म्हणाला. "त्या पोरीला डास चावतात की नाही? चावतात. ताप येतो का? नाही येत. तुला दिसतंय ते मलाही दिसतंय. सांग ना मग, कसं ते."

तिला सांगता आलं नाही. हीच तर पंचाईत होती. सासूबाई बारक्याचे केस मागे सारत हळूच म्हणाल्या, "माझी थोरली अशीच तापाने फणफणून गेली. तुझ्या नवऱ्याची मोठी बहीण. तेव्हा असं कोणी दारात आलं असतं, तर मी जाळी काय, घर काढून दिलं असतं. तू नको आडवी येऊस."

ती रात्रभर बारक्यावर ओढणी पांघरून हाताने वारा घालत राहिली, आणि पहाटे तिला वाटलं, उत्तर सापडलं. चिलखत्या त्या पोरीला चोरून गोळ्या देत असणार. लोकांना कडू गोळी बंद, आणि आपल्या पोरीला रोज एक. साधं गणित.

दुसऱ्या संध्याकाळी ती थेट कठड्यापाशी गेली. मुलगी स्टुलावर होती. पाळणाघरवालीने कठड्यावर बसून तिला मांडीवर घेतलं, हात तिच्या पोटाभोवती टाकला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "खरं सांग बाळा, हे तुला गोळी देतात ना? कडू?"

मुलीने तिच्याकडे पाहिलं. "नाही."

"सकाळी? जेवणात घालून?"

"नाही देत. कधीच नाही."

महाराजांनी आपली पिशवी उलटी केली. कंगवा, पंचा, बॅटरीचे सेल. एक एक वस्तू उचलून त्यांनी गर्दीला दाखवली, दुकानदार कापड दाखवतो तशी. "आणखी कुठे बघायचं, ताई? दातात बघता?" गर्दी खदखदून हसली. "राग नाही माझा. शंका हाही तापच. पोटातून वर चढतो. यांच्या लेकराला उद्या मी दुप्पट फुंकर मारीन."

परत येताना नवरा चार पावलं पुढे चालला. ते परवडलं. पण तिच्या डोक्यात दुसरंच काहीतरी घोळत होतं. त्या पोरीचं पोट. रोज वीस-पंचवीस पोटं तिच्या हाताखालून जायची. भरलेलं, रिकामं, वायूने फुगलेलं, रडून आक्रसलेलं. हे पोट त्यातलं नव्हतं. डाव्या बाजूला बरगडीखाली काहीतरी टणक हाताला लागलं होतं, चपलेच्या तळव्यासारखं. आणि तिच्या नखांना रंगच नव्हता.

सकाळी शेजारणीला शेडमध्ये बसवून ती बारक्याला कडेवर घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई आधी वैतागल्या. "तुमच्या साइटवरचं कोणी येतच नाही हो. आली तर पोर अर्धमेलं झाल्यावर. गोळ्या दिल्या तर गटारात टाकतात. मी काय करू, सांगा."

"मी भांडायला नाही आले, मॅडम. मला एक समजावून सांगा." तिने सगळं सांगितलं. पोटाचं सांगितलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"डाव्या बाजूला? नक्की?"

"नक्की. खालपर्यंत उतरलंय."

"पाणथरी. रक्त गाळणारा अवयव असतो तो, प्लीहा म्हणतात. मलेरिया पुन्हा पुन्हा झाला की ती अशी वाढते. ही मुलगी मूळची कुठली?"

"खाली दलदलीकडे धरणाचं काम होतं, तिकडची. महाराज तिथे मुकादम होते म्हणे, कुणा मजुराची ही पोर बरोबर घेऊन आले."

"मग ती खोटं बोलली नाही. गोळी तिला कोणी दिलेलीच नाही. तिच्या अंगात मलेरिया आहे, आजही असणार."

"पण ताप नाही येत, मॅडम. तेच तर सगळे बघतात."

"ताप म्हणजे रोग नव्हे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घरात चोर शिरला की आपण आरडाओरडा करतो ना? ताप म्हणजे तो आरडाओरडा. शरीर चोराशी झटतं त्याचा. तुमच्या साइटवरची पोरं कोरड्या भागातली, त्यांच्या शरीराने हा चोर कधी पाहिलेला नाही. म्हणून पहिल्याच फेरीत घर पेटल्यासारखं होतं. दलदलीकडच्या पोरांकडे तो दरवर्षी येतो. जी वाचतात त्यांचं शरीर हळूहळू शिकतं. चोराला हाकलत नाही, पण एका कोपऱ्यात दाबून ठेवतं. चोर घरातच असतो, रोज थोडं थोडं रक्त खातो, ओरड तेवढी होत नाही. म्हणून नखं पांढरी, म्हणून पोट असं."

पाळणाघरवालीने बारक्याला जवळ ओढलं. "मॅडम, तिला चावून ज्यांचं पोट लाल होतं, ते डास?"

"त्यांच्या पोटात ते जंतू वाढतात. दहा-बारा दिवस. त्यानंतर तो डास ज्याला चावेल त्याला."

हौद तोच. डास तिथलेच. आणि पुढच्या रांगेत रोज तीच पोरं, ऊब घ्यायला बसवलेली. गवंड्याचा मुलगा पहिल्या दिवसापासून तिच्या पायाशी. जुळ्या त्याच्या शेजारी. बापांबरोबर मागे विटांवर बसणारी पोरं मात्र अजून धडधाकट.

"म्हणजे ताप यानेच आणला," ती म्हणाली. "भाकीत कसलं, सामानाबरोबर घेऊन आला तो. आधीही जिथे हिला बसवलं तिथे महिन्याभराने असाच ताप आला असेल, म्हणून दिवस माहीत."

"फक्त तिच्यामुळेच, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण उघडं पाणी, डास, आणि मध्ये रोज एक आजारी पोर बसवायचं, याहून चांगली सोय मलेरियाला मी स्वतः करू शकले नसते." त्यांनी कपाटातून मलेरिया तपासायच्या पट्ट्यांचा डबा काढला. "एक सांगून ठेवते. जंतू थोडे असले तर पट्टीवर दिसत नाहीत. नाही दिसलं तर तुमचा महाराज आपल्या डोक्यावर नाचेल."

"आज बारक्याचा नंबर आहे," पाळणाघरवाली म्हणाली. "तसाही नाचणारच आहे."

त्या संध्याकाळी गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती. काल तोंडघशी पडलेली बाई आज पोर घेऊन येणार, हे सगळीकडे झालं होतं. सळईवाला बारक्याला मांडीवर घेऊन पुढच्या रांगेत बसला होता, शेजारी सासूबाई, त्यांच्या मांडीवर जाळीची घडी. डॉक्टरीणबाई डबा घेऊन आल्या तशा महाराजांनी हात जोडले.

"या, या. विज्ञानही आलं दर्शनाला."

"आलं ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सगळ्या पोरांचं रक्त तपासायचं आहे. म्हटलं सुरुवात तुमच्या मुलीपासून करावी. कवचाचं रक्त कसं असतं, आम्हालाही कळू दे."

महाराज क्षणभर घुटमळले. पण नाही म्हणणार कसे? आणि त्यांच्या लेखी भीतीही नव्हती. पोरीला ताप नाही, म्हणजे काही निघणार नाही. "घ्या," ते म्हणाले. "थेंबभर घ्या, अमृत निघेल."

मुलीच्या बोटाला सुई टोचली. ती यावेळीही हलली नाही. गवंडी गर्दीतून पुढे आला, तापलेल्या पोराला खांद्यावर टाकून, "याचंही बघा," म्हणाला. कठड्यावर दोन पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "एक रेघ उमटली तर पट्टी नीट चालतेय. दुसरी उमटली तर मलेरिया."

गवंड्याच्या मुलाच्या पट्टीवर दोन्ही रेघा लगेच आल्या. मुलीच्या पट्टीवर एकच.

"झालं?" महाराज म्हणाले. "बघितलं का मंडळी? यंत्रालाही कवच कळतं. माणसाला कळायला तेवढा वेळ लागतो."

"थांबा, वेळ व्हायचाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"थांबतो की. तोवर त्या बाळाला पुढे घ्या."

सळईवाल्याने बारक्याला उचललं. पाळणाघरवाली मध्ये येऊन उभी राहिली. "पट्टी होईपर्यंत नाही," ती म्हणाली.

"बाजूला हो. लोक बघतायत."

"बघू देत. काल हसले, आज बघतील. एवढं काय, माझ्या तोंडाची सवय आहे त्यांना."

तो बसला नाही, पण पुढेही गेला नाही. लोक चुळबुळ करू लागले. कोणीतरी मागून म्हणालं, "वाट बघून पट्टी बदलते का काय?" आणि तेवढ्यात पट्टीवर वाकलेल्या गवंड्याने मान वर केली. "आली. बारीक आहे, पण आली."

बॅटरी महाराजांच्याच हातात होती. गर्दीतल्या दोघांनी ती त्यांच्या हातातून घेतली आणि मुलीच्या पट्टीवर धरली. दुसरी रेघ केसाएवढी, पण होती.

"सावली आहे ती," महाराज म्हणाले. मग लगेच, "आणि असली रेघ, तर ती कवचाची."

गवंड्याने आपल्या मुलाची पट्टी त्यांच्या नाकासमोर धरली. "माझ्या पोराचीही तीच रेघ आहे. मग यालाही कवच आहे का? मग हा जळतोय कशाने, महाराज?"

महाराजांना एरवी शब्द सुचायला वेळ लागायचा नाही. आता ते मुलीकडे वळले. "सांग गं यांना. तुला कधी ताप आलाय?"

मुलीला बहुधा पहिल्यांदाच त्या स्टुलावर कोणीतरी बोलायला सांगितलं होतं. तिने खरं ते सांगितलं. "लहानपणी यायचा ना. खूप. आम्हा सगळ्यांना यायचा."

"सगळ्यांना म्हणजे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"भावांना. ताईला. आम्ही चौघं होतो."

मग सासूबाई उठल्या. जाळीची घडी छातीशी धरून त्या महाराजांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"बाकीच्या तिघांना का नाही घातलंत कवच?"

महाराज म्हणाले, "आजी, तुम्हाला नाही कळायचं."

"मला नाही तर कुणाला कळायचं रे, मेल्या?" सासूबाई म्हणाल्या. "तिघं गेली, ही एक उरली. उरलेली दाखवून फिरतोस?" त्यांनी जाळी सुनेच्या हातात दिली आणि स्टुलावरच्या मुलीला खाली उतरवून तिचे चावे पदराने पुसत राहिल्या. पुसून जाणार होते थोडेच.

त्यानंतर डॉक्टरीणबाई बोलल्या, आणि जे दवाखान्यात सांगितलं तेच सगळ्यांना सांगितलं: चोर, आरडाओरडा, लाल पोटाचा डास, पुढची रांग. ज्यांची पोरं पुढे बसायची, ते बाप ऐकताना खाली बघत होते. गवंड्याने एकच विचारलं, "म्हणजे मी रोज माझ्या हाताने नेऊन बसवलं?"

मग सगळे मच्छरदाण्या आणायला महाराजांच्या खोलीवर गेले. त्या तिथे होत्याच, नीट गठ्ठे बांधून, कुठल्यातरी बाजाराची वाट बघत. त्यातली एक मात्र गठ्ठ्यात नव्हती. ती महाराजांच्या खाटेवर लावलेली होती, चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली. मुलीचं फाटकं चटईवजा अंथरूण खाटेबाहेर, उघड्यावर होतं. कवचमहाराजांना आपल्या कवचावर केवढा विश्वास होता, हे कळायला आणखी पुरावा कशाला हवा?

त्यांनी मागच्या दाराने निघायचा बेत केला होता, पण मागच्या दाराला सळईवाला टेकून उभा होता. पोलीस येईपर्यंत तो हलला नाही. बायकोशी बोलायलाही त्याला आणखी दोन दिवस लागले. त्याआधी त्याने हौदावर पत्रा टाकला, हे ती त्याचं बोलणंच समजली.

पोरांचे औषधोपचार झाले. रंगाऱ्याच्या धाकट्या जुळीला मोठ्या इस्पितळात न्यावं लागलं, ती वाचली. मुलगी गोळ्या पुऱ्या होईपर्यंत पाळणाघरात राहिली. तिला आधी दुपारची झोप येईना, कुणाच्या तरी समोर बसायची सवय लागलेली. मग यायला लागली.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे. आपल्या लेकरांच्या शरीरात लढायची ताकद आहे, हे अगदी खरं. पण ती फुंकरीने मिळत नाही आणि फुंकरीने वाढत नाही. रोगाशी झुंजून ती मिळते तेव्हा किंमत लेकरंच मोजतात, काही वेळा जीव देऊन. त्या झुंजीत पोराला एकटं सोडू नका. जाळी लावा, पाणी झाका, ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा, दिलेल्या गोळ्या शेवटपर्यंत द्या. यात चमत्कार काहीच नाही, म्हणूनच ते करणाऱ्याभोवती गर्दी जमत नाही.

आणि कधी कोणी एक सुखरूप माणूस तुमच्यासमोर बसवून म्हणाला, हा बघा, याला काही झालं नाही, तर हात जोडायच्या आधी त्याला विचारा, याच्याबरोबरचे बाकीचे कुठे आहेत.